‘खेळवाचन’ची नोंद

“मामा, हातातलं खाली ठेवा आधी. आपली नोंद काढून टाकायला निघालेत.”

मामाने हातातले खाली ठेवले नाही. खालच्या कवळीचे दात मेणात लावणे चालू होते, आणि मेण मऊ आहे तोवर दाढ नीट बसवली नाही तर पुढे ती ज्याच्या तोंडात जाते त्याला जन्मभर छळते. त्याने वाकडी सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली, मेणाला टेकवली, दाढ केसभर आत सरकवली आणि मगच विचारले, “कोण निघालंय?”

“‘मोजपट्टी’ म्हणून कुणीतरी आहे.”

“हे काय माणसाचं नाव झालं?”

“तुम्ही तुमच्या संकेतस्थळावर ‘दाढोबा’ म्हणून लिहिता, ते बरं चालतं.”

दवाखान्यामागच्या या खोलीत तो एकतीस वर्षे कवळ्या बनवत होता. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे हसू त्याच्या हातचे होते, पण त्यांतले कुणी त्याला ओळखत नव्हते. माप डॉक्टर घेत, कवळी डॉक्टर बसवत. मागच्या खोलीतला माणूस कुणाला दिसायचे कारणच नव्हते. त्याला त्याचे वाईट वाटत नसे. उलट बरे वाटे.

भाचीने प्लास्टरच्या जबड्यांची रांग बाजूला सारून टेबलावर लॅपटॉप उघडला. ती जवळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती आणि जेवणाच्या सुटीत धावत आली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात ‘खेळवाचन’ या नावाची नोंद लिहिली होती. त्या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येते. लिहिलेले ठेवायचे की नाही, हे मात्र तिथे राबणारे स्वयंसेवक आपसात चर्चा करून ठरवतात. चर्चा सात दिवस चालते. ज्याला वाटेल त्याने ‘ठेवा’ किंवा ‘वगळा’ असे लिहायचे आणि का ते सांगायचे. शेवटी नुसती डोकी मोजत नाहीत, कारणे तोलतात.

नोंदीच्या डोक्यावर आता तांबडी चौकट आली होती. भाचीने वाचून दाखवले. ‘जुन्या व्हिडिओ गेमची हौसेने भाषांतरे करणारे एक छोटे संकेतस्थळ. त्याच्याशी संबंध नसलेल्या कुणी त्याच्याबद्दल काही लिहिल्याचा एकही संदर्भ दिलेला नाही, मला शोधूनही सापडला नाही. वगळावे असे सुचवतो. — मोजपट्टी.’

“सभ्य माणूस दिसतो,” मामा म्हणाला.

“तो आपल्या मुळावर उठलाय आणि तुम्ही त्याला सभ्य म्हणताय?”

“शोधूनही सापडला नाही म्हणतोय. म्हणजे शोधलं तरी त्याने.”

पण सुरी त्याने आता खाली ठेवली होती. त्या नोंदीत चौथ्या ओळीत भाषांतरे करणाऱ्या बाईंचे नाव होते. सगळे मिळून एकदाच. बाईंना जाऊन वर्ष झाले होते, आणि त्यांचे नाव लिहिलेले असे जगात दुसरे ठिकाण त्याला माहीत नव्हते. नोंद आली त्याच आठवड्यात तो बाईंच्या यजमानांना भेटून आला होता. “काका, बाईंचं नाव ज्ञानकोशात आलंय. कागदावर छापून आणतो तुमच्यासाठी.” काका खुर्चीत पुढे सरकले होते. “आण. तिच्याबद्दल लोक काय लिहितात ते मला एकदा वाचायचंय.” मग आधी प्रिंटरची शाई संपली, नंतर तीन कवळ्या एकदम आल्या, आणि तो कागद राहून गेला.

बाई या खोलीत पहिल्यांदा आल्या त्याला बावीस वर्षे झाली होती. पस्तीस वर्षे शाळेत परकी भाषा शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवी कवळी टोचते अशी तक्रार होती, आणि डॉक्टर जेवायला गेलेले. थांबायची सवय नसल्याने त्या सरळ मागच्या खोलीत शिरल्या. तिथे कवळीचा कारागीर एका हाताने जेवत होता आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर एक जुना परदेशी गेम खेळत होता. बाई मागे उभ्या राहून थोडा वेळ बघत राहिल्या.

“यात काय लिहिलंय ते वाचता येतं का तुला?”

तो दचकून उठला. “नाही. अंदाजाने खेळतो.”

“किती दिवस?”

“याला दोन महिने झाले.”

“दोन महिने तू त्या बिचाऱ्या राजाचं बोलणं ऐकून न घेता त्याच्या राज्यात हिंडतोयस?” बाईंनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकल्या. “तो म्हणतोय, माझी मुलगी अंथरुणाला खिळलीय, उत्तरेच्या विहिरीचं पाणी आण. आणि तू काय करतोयस?”

“मी त्याच्या कोंबड्या मारतोय,” त्याने खरे ते सांगितले.

कवळीचे टोचणे त्याने पाच मिनिटांत घासून काढले. बाई अडीच तास बसल्या. राजाची मुलगी त्या दिवशी बरी झाली.

पुढे त्यांनीच विचारले, की हे बोलणे आपल्या भाषेत लिहून या गेमच्या आत घालता येईल का. त्याला माहीत नव्हते. शिकायला आठ महिने लागले. गेमच्या फायलीच्या पोटात ते बोलणे कुठे दडवून ठेवले आहे ते शोधायचे, परकी अक्षरे उपटायची आणि त्यांच्या जागी आपली बसवायची. एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढायचे. काना शेजारच्या अक्षराला लागता कामा नये, वेलांटी वर चौकटीत अडकता कामा नये. हे काम त्याला परके वाटले नाही. दात बसवण्यासारखेच ते होते. बाई दुपारी दोनला येत, फुलस्केप वहीत भाषांतर लिहीत, आणि संध्याकाळी तो ते बसवी. पुऱ्या झालेल्या गेमची भाषांतरे कुणालाही फुकट घेता यावीत म्हणून त्यांनी संकेतस्थळ काढले. नाव बाईंनी दिले. एकवीस वर्षांत एकोणीस गेम झाले. एका मोठ्या गेमने एकट्याने चार वर्षे खाल्ली.

मुलांची पत्रे येत. बाई प्रत्येक पत्राला उत्तर देत, शुद्ध, मुद्देसूद, घाई न करता. एका मुलीने विचारले होते, शेवटी राणी मरते का, मरत असेल तर मी पुढे खेळणार नाही. बाईंनी लिहिले, ‘ते मी सांगणार नाही. तू तिथे पोचलीस की मला कळव, मग वाईट वाटायचं की बरं वाटायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.’

चर्चेचे पहिले तीन दिवस वाईट गेले. तीन जणांनी ‘वगळा’ लिहिले. चौथ्या दिवशी चर्चेत कुणी एक अनोळखी तरुणी आली. भाचीने ते मोठ्याने वाचले. ‘ठेवा. मला नववीपर्यंत धड वाचता येत नव्हते. वर्गात हसत. या गेममध्ये कुणी हसत नव्हते, न वाचता पुढेही जाता येत नव्हते. आज मी परिचारिका आहे, औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचते. बाईंनी माझ्या चारही पत्रांना उत्तर दिले होते.’

मामा पॉलिशच्या चाकापाशी पाठ करून उभा होता. त्याने चाक बंद केले.

खाली मोजपट्टीचे उत्तर होते. ‘हे वाचून मनापासून बरे वाटले. पण ही तुमची आठवण आहे, संदर्भ नाही. उद्या आणखी कुणी आले आणि खरे कशावरून असे विचारले, तर त्याने ते कुठे पाहावे?’

“दगड आहे हा माणूस,” भाची म्हणाली.

“नाही गं. बरोबर विचारतोय तो.”

“तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

“तू ग्रंथालयात असतेस. तुझ्याकडे कुणी आलं आणि म्हणालं, असं एक पुस्तक आहे, मी वाचलंय, फक्त ते कुठेच नाही, तर तू कार्ड करशील का त्याचं?”

भाची हट्टाने म्हणाली, “पण एवढ्या वर्षांत कुणीच कसं लिहिलं नाही? एक ओळ नाही? कुठल्या फडतूस दुकानाच्या उद्घाटनाचंही छापून येतं.”

त्याने हातातली कवळी उजेडात फिरवून बघितली. “लिहिलं होतं,” तो म्हणाला.

अकरा वर्षांपूर्वी एक वार्ताहर आली होती, एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीची. तिच्या घरची मुले ‘खेळवाचन’चे गेम खेळत. दोन दुपारी ती याच खोलीत बसली आणि बाईंशी बोलली. बाई त्या दोन्ही दिवशी केस नीट बसवून आल्या होत्या. फोटोग्राफरने दोघांना प्लास्टरच्या जबड्यांमागे उभे केले. “माझ्यापेक्षा यांचंच हसू बरं येईल,” बाई जबड्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या. लेख रविवारी पूर्ण पानभर येणार होता.

शुक्रवारी त्याला कळले, की दुसऱ्या देशातले असेच एक संकेतस्थळ वकिलाची नोटीस येऊन एका दिवसात बंद पडले. गेम मुळात कंपन्यांचे. भाषांतर कितीही फुकट वाटले तरी परवानगी कुणी घेतलेली नसते. म्हणूनच या हौसेतली माणसे टोपणनावाने राहतात, आवाज करत नाहीत, कुणी कौतुक करायला लागले तरी जरा हळू म्हणतात. ही त्यांची रीतच असते. एक पूर्ण पान, फोटोसकट, नावांसकट. शनिवारी संध्याकाळी त्याने वार्ताहराला फोन केला. ती चिडली, मग समजावू लागली, शेवटी त्याच्या गयावया ऐकून कंटाळली. लेख थांबला.

“आणि बाई?” भाचीने विचारले.

“बाईंना सोमवारी सांगितलं.”

“विचारलं नाही?”

“सांगितलं.”

“काय म्हणाल्या?”

“बरं, म्हणाल्या. तू ठरवलंस ना, मग बरं. आणि वही उघडली.”

नोटीस कधीच आली नाही. अकरा वर्षांत कुठल्या कंपनीने साधी चौकशी केली नाही. इतक्या लहान गोष्टीकडे बघायला कुणाला सवड होती? हे त्याला नंतर हळूहळू कळत गेले, आणि दर वर्षी थोडे जास्त कळले. पण बाईंपाशी तो विषय काढायचे त्याला जमले नाही. त्या काढत नव्हत्या, म्हणून त्यांना आठवत नसेल असे तो धरून चालला.

भाचीने दोन दिवसांत त्या वार्ताहराला शोधून काढले. तिने वर्तमानपत्र सोडले होते, पण जुना मजकूर जपून ठेवला होता. बाई गेल्याचे ऐकून तिला वाईट वाटले. तिने तो मजकूर त्याच दिवशी आपल्या स्वतःच्या पानावर फोटोसकट टाकला. आणि सहाव्या दिवशी सकाळी ज्ञानकोशातल्या नोंदीखाली भाचीने घातलेली एक नवी ओळ उमटली. लेखाचे नाव, वार्ताहराचे नाव, वर्तमानपत्राचे नाव, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची तारीख.

चर्चेचा वारा फिरला. दोघांनी ‘वगळा’ खोडून ‘ठेवा’ केले. मोजपट्टीनेही लिहिले, ‘फार चांगला लेख आहे. मिळाल्याचा आनंद झाला. जुने अंक मला इथे पाहता येत नाहीत. हा लेख त्या दिवशी पुरवणीत छापून आला होता, एवढी खात्री कुणी दिली की मी माझी सूचना मागे घेतो.’

दुपारी भाची हसतच आली. “मामा, काम फत्ते. फक्त ‘हो’ लिहायचंय. मी लिहिते, तुम्ही फक्त ऐका.”

त्याने तिच्या खांद्यावरून वाचले. दोनदा वाचले. “पण आला नव्हता तो.”

“लेख खरा आहे ना?”

“खरा आहे.”

“त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बाई खऱ्या, वह्या खऱ्या, एकोणीस गेम खरे. एक तारीख तेवढी पुढेमागे. शंभर ओळींत एक ओळ, मामा. ती तरी खोटी कुठे आहे? छापणारच होते की. तुम्ही फोन केला नसता तर छापलाच असता.”

हे शेवटचे ती बोलून गेली आणि तिची तिलाच चूक कळली. त्याने काही वाटून घेतले नाही, कारण ते त्याला तिच्या आधी अकरा वर्षे माहीत होते.

त्याला बाईंची एक दुपार आठवली. सातव्या गेमच्या वेळी मूळ फायलीतला एक तुकडा खराब निघाला होता. एका कोळ्याचे चार वाक्यांचे बोलणे नुसता कचरा होऊन बसले होते. त्याने मागचापुढचा अंदाज घेऊन स्वतःच्या मनाने चार वाक्ये ठोकून दिली. चांगली जमली होती ती. बाईंनी वाचली, हसल्याही. मग म्हणाल्या, “काढ.” तो म्हणाला, कोळी मुका राहील. “राहू दे. आपल्याला ऐकू आलं नाही, एवढं खरं आहे ना? मग तेवढंच ठेव.” तो कोळी आजही त्या गेममध्ये बोलत नाही. तीन ठिपके येतात आणि जातात.

“सरक जरा,” तो भाचीला म्हणाला.

ज्ञानकोशात त्याने आजवर एक अक्षर लिहिले नव्हते. खाते उघडण्यात वेळ गेला. मग हातावरचे प्लास्टर पुसून दोन बोटांनी त्याने लिहिले. ‘हे संकेतस्थळ मी चालवतो. तो लेख छापून आला नाही. मी स्वतः फोन करून थांबवला, तेव्हा घाबरलो होतो. त्यात लिहिलेले सगळे खरे आहे, पण छापलेले नाही. संदर्भाची ती ओळ काढावी. दुसरा संदर्भ माझ्याकडे नाही.’ थोडा वेळ थांबून त्याने आणखी एक वाक्य घातले. ‘बाईंना मी तेव्हा विचारले नव्हते.’ त्या वाक्याचा चर्चेशी काही संबंध नव्हता. तरी त्याने ते राहू दिले.

भाचीने लॅपटॉप मिटला. “मला वाटलं होतं, मी तुमच्यासाठी करतेय,” ती म्हणाली. तिचा डबा टेबलावरच राहिला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

आठव्या दिवशी निर्णय आला. ‘चर्चेअंती नोंद वगळली. हा निर्णय केलेल्या कामाच्या मोलाबद्दल नाही.’ मोजपट्टीने त्याला वेगळा निरोप पाठवला होता. ‘तुम्ही गप्प राहिला असतात तर नोंद राहिली असती आणि मला कधी कळलेही नसते. आभार मानावेत की माफी मागावी, मला ठरवता येत नाही. पुढे कुणी यावर छापून लिहिले तर जरूर सांगा. नोंद मी स्वतः पुन्हा लिहीन.’ त्याने उत्तर लिहिले, ‘माफी कशाला. तुमचे बरोबरच होते.’ पण लिहिणार कोण, आणि कुणाशी बोलून लिहिणार? ज्यांच्याशी बोलायचे त्या तर गेल्या होत्या. ‘खेळवाचन’ असे शोधले की ज्ञानकोश आता सांगे, या नावाचा लेख येथे नाही.

रविवारी दुपारी तो काकांकडे गेला. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून पिशवीत लॅपटॉप घेतला आणि गेमसाठी हातात धरायचे, लॅपटॉपला जोडायचे बटणांचे यंत्र घेतले. काय करायचे ते नक्की ठरवले नव्हते.

काका खिडकीशी बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, अजून ताठ. “ये. आणलास का कागद?”

“नाही काका. ते काढून टाकलं त्यांनी.”

“का? खोटं होतं?”

“नाही. खरंच होतं. पण छापील पुरावा नव्हता.”

काकांनी मान हलवली. “मग बरोबर आहे. आमच्यात तेच. दगड पुरलेला नसला की हद्द नाही. शेतकरी शपथेवर सांगतो, आजोबांच्या वेळेपासून इथवर आमचं. खरंही असतं. आपण मान हलवायची, आणि लिहायचं नाही. वाईट वाटायचं मला. पण लिहायचो नाही.”

मग काका म्हणाले, “एकदा येणार होतं की छापून. रविवारच्या अंकात. मला तिने सकाळी सहाला उठवून पाठवलं. पाच आण म्हणाली. एक आपल्याला, एक तुला, बाकीचे कुणाकुणाला. मी पाच आणले. तिने पाचही चाळले. सारखेच असणार ना सगळे? तरी पाचही चाळले. म्हणाली, पुढच्या रविवारी असेल. मग पुढच्या रविवारी मी आपणहून पाच आणले.”

“तोवर त्यांना कळलं होतं काका. मी थांबवला होता तो लेख. मी सोमवारीच सांगितलं होतं त्यांना.”

काका त्याच्याकडे बघत राहिले. “मला नाही बोलली ती.”

“मी घाबरलो होतो.”

“तुझं नाव नाही घेतलं तिने,” काका म्हणाले. “कधीच नाही.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “महिनाभर आणत होतो मी पाच पाच. ती घड्या घालून कपाटात ठेवायची.”

त्याला उठून जावेसे वाटले. जाता येत नव्हते. काकांनीच पिशवीकडे बोट केले. “त्यात काय आहे?”

“बाईंचा एक गेम आहे. शेवटचा.”

“दाखव. पहिली कितीतरी वर्षं रोज दुपारी कवळी बसत नाही म्हणून जायची. मला वाटायचं, कारागीर कच्चा आहे.”

त्याने लॅपटॉप टीपॉयवर मांडला, अर्ध्यात राखून ठेवलेला खेळ सुरू केला आणि यंत्र काकांच्या हातात दिले. काकांचा प्रवासी दोनदा भिंतीवर आपटला. “उत्तर दिशा कुठे आहे यात?” त्यांनी विचारले. ती कळल्यावर मात्र ते सुधारले. नदीकाठी एक घर होते. आत एक म्हातारी बसली होती. “तिच्यासमोर उभे राहा आणि हे लाल बटण दाबा,” त्याने सांगितले.

पडद्याखाली चौकट उघडली आणि अक्षरे एकामागून एक आली. काकांनी चष्मा वर सरकवून वाचले. ‘आलास? आधी बस. पाणी पी. मग सांग काय हरवलं ते.’

काकांचा अंगठा बटणावरच राहिला.

“पुन्हा दाबा काका. पुढे आहे.”

‘असेल इथेच कुठेतरी. त्याला काय पाय फुटलेत?’

“हे कुणी लिहिलं?” काकांनी विचारले.

“बाईंनी.”

“हे ती मला म्हणायची. मी कामावरून आलो की. माझं रोज काही ना काही हरवलेलं असायचं. किल्ली, पेन. लोकांच्या हद्दी सापडायच्या, घरात चष्मा सापडायचा नाही.” त्यांनी पडद्याकडे बघत सांगितले, त्याच्याकडे नाही. “अगदी हेच म्हणायची.”

त्याला हे माहीत नव्हते. ते शब्द त्याने स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर करून त्या चौकटीत बसवले होते. मूळ गेममध्येच ती म्हातारी तशी बोलत असेल असे त्याला वाटले होते.

काकांनी बटण दाबले. ‘बरं, सावकाश जा.’ पुन्हा दाबले. ‘बरं, सावकाश जा.’ त्यांनी प्रवाशाला दाराबाहेर नेले, परत आत आणले, म्हातारीसमोर नीट उभे केले आणि दाबले. ‘बरं, सावकाश जा.’

“पहिलं परत म्हणत नाही?”

“नाही काका. ते एकदाच. नंतर एवढंच म्हणते.”

“आणि परत ऐकायचं असलं तर?”

“तर खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो.”

“इथवर यायला किती वेळ लागतो?”

“तुम्हाला तीन तास तरी.”

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला. “मग कर सुरू.”

खेळ पहिल्या गावापासून सुरू झाला. विहिरीपाशी एक मुलगी होती, पुढे एक लोहार, एक झोपाळू पहारेकरी, कुंपणाशी नुसता उभा असलेला एक माणूस. त्यांच्याशी बोलल्यावाचूनही पुढे जाता येत होते.

“यांना सोडून दिलं तरी चालतं काका,” त्याने सांगितले. “वाट सरळच आहे.”

“हे सगळं तिनेच लिहिलंय ना?”

“सगळं.”

“मग थांब,” काका म्हणाले. त्यांनी प्रवाशाला विहिरीपाशी वळवले, मुलीसमोर उभे केले आणि बटण दाबले. अक्षरे येऊ लागली. ती संपेपर्यंत ते ओठ हलवत वाचत राहिले, मग लोहाराकडे वळले. कुणाच्या तोंडी तिने काय ठेवले असेल हे सांगता येत नव्हते, म्हणून ते एकालाही वगळत नव्हते.